विड्रॉल स्लिपवरचा फुटबॉल

९ डिसेंबर २०२२, शुक्रवार. रात्री अकरा वाजून गेल्यावर ब्राझील क्रोएशियाकडून हरलं आणि आमच्या पेठेत रडारड झाली. नशिबानं दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता. बँका बंद. शनिवार-रविवार मिळून दोन दिवसांचं सुतक आम्हाला व्यवस्थित पाळता आलं. तो सामना त्या तारखेला ज्यानं ठेवला त्याला बँक कर्मचाऱ्यांविषयी कणव असली पाहिजे. कारण शनिवारी शाखा उघडी असती, तर आमच्या हेड कॅशियरांनी शंभराच्या बंडलात किती नोटा मोजल्या असत्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं. बाकीच्या महाराष्ट्रात मुलगा चालायला लागला की त्याच्या हातात बॅट देतात. आमच्याकडे पेठ तिथं तालीम, आणि तालीम तिथं कुस्तीच्या जोडीला फुटबॉल. विश्वचषक आला की अर्ध्या गल्लीवर ब्राझीलचं निशाण आणि अर्ध्या गल्लीवर अर्जेंटिनाचं. नगरसेवकाच्या वाढदिवसाला लागतात तेवढे मोठे मेस्सी आणि नेमारचे फ्लेक्स लागतात. नगरसेवकापेक्षा त्यांनी पेठेसाठी जास्त काही केलेलं नाही, पण कमीही केलेलं नाही.

तर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हेड कॅशियर डबा न उघडता बसून होते. सगळी शाखा त्यांना तात्या म्हणते. तात्या ब्राझीलचे. पेलेपासूनचे. त्यांनी एक विड्रॉल स्लिप ओढली, उलटी केली आणि माझ्यापुढे सरकवली.

"बीकॉम, लिव. ह्या फुटबॉलात आता काय राम ऱ्हायला न्हाई. नियमच बदलाय पायजेत."

शाखेत मी एकटाच बीकॉम आहे असं नाही, पण मसुदे करणं माझ्याच कपाळी लिहिलेलं आहे. मी लिहिलं : 'फुटबॉल सुधारणा'. खाली रेघ मारली.

"एक नंबर. पेनल्टी मारून निकाल लावायचं बंद. एकशेवीस मिनटं खेळायचं आन् शेवटी बारा पावलांवरनं लॉटरी? हे काय न्याव हाय व्हय?"

लोन सेक्शनच्या तरुणानं सुचवलं, ऑफसाइड काढून टाका, गोल वाढतील. क्लिअरिंगच्या बाईंना फुटबॉलचं फारसं नाही, पण मैदानात आडवं पडून कळवळणाऱ्यांचा राग आहे. अशा खेळाडूला बाहेर नेऊन दहा मिनिटं नुसता बसवावा, असं त्या म्हणाल्या. (त्यांना दोन मुलगे आहेत.) दप्तरी म्हणाला, "पंचाला कळतंय काय? टीव्हीवर बघून ठरवाय पायजे सगळं." मॅनेजरसाहेब नागपूरकडचे. त्यांनी जाता जाता सब-कमिटी नेमायला सांगितलं. सब-कमिटी म्हणजे मीच हे सर्वांनी एकमतानं मान्य केलं आणि डबे उघडले.

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. एंट्री दिसली की तिच्या मागचं व्हाउचर कुठाय ते बघायचं. म्हटलं, हे नियम बदलायचे तर ते मुळात आले कुठून ते तरी बघू. त्या निमित्तानं मी वाचायला लागलो, आणि असं दिसलं की फुटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे एक चिडलेला माणूस आहे. तात्यांसारखाच. फक्त विड्रॉल स्लिप न वापरणारा.

सर्वांत जुनं व्हाउचर निघालं २६ ऑक्टोबर १८६३ चं, लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमधलं. फुटबॉलची संघटना एका गुत्त्यात जन्मली हे वाचून मला बरं वाटलं. त्या काळी इंग्लंडात शाळेगणिक निराळा फुटबॉल होता. कुठं बॉल हातात धरून पळालेलं चालत असे, कुठं नाही. आणि काही ठिकाणी बॉलऐवजी समोरच्याच्या नडगीवर लाथ घालणं हा खेळाचा मान्यताप्राप्त भाग होता. मॉर्ली नावाच्या वकिलानं पुढाकार घेऊन नियम लिहायला घेतले आणि लाथा बंद करायचं घाटलं, तेव्हा ब्लॅकहीथ क्लबचा कॅम्पबेल खवळला. लाथा काढल्या तर खेळातली मर्दुमकी जाईल, मग मी आठवड्याभराच्या सरावावर फ्रेंच माणसं आणून तुम्हाला हरवून दाखवीन, असा त्याचा दावा. लाथा गेल्या. ब्लॅकहीथवालेही गेले आणि पुढं रग्बीत रमले. फ्रेंचांना मात्र आठवड्याऐवजी एकशेपस्तीस वर्षं लागली. १९९८ साली त्यांनी विश्वचषक नेला. आणि ब्राझील हरलं त्याच्या दुसऱ्याच रात्री त्यांनी इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं. कॅम्पबेलचं भाकीत थोडं थकलं, पण वसूल झालं.

आता तात्यांचा एक नंबर. पेनल्टी.

ही कल्पना विल्यम मॅक्रम नावाच्या आयरिश माणसाची. आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावी त्याच्या घरची लिननची गिरणी होती आणि तो गावच्या संघाचा गोलकीपर होता. कसा होता? १८९०-९१ च्या मोसमात मिलफर्ड लीगमधले चौदाच्या चौदा सामने हरलं आणि त्यांच्यावर बासष्ट गोल झाले. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांत जास्त गोल होतात त्यानंच, गोल करणं आणखी सोपं करणारी शिक्षा शोधून काढली. असा उदार गोलकीपर मी दुसरा पाहिला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं : गोल होणार असं दिसलं की लोक समोरच्याला आडवा करतात, किंवा बॉल सरळ हातानं अडवतात, नियमानं फक्त फ्री किक मिळते, मग सगळा संघ पुढं भिंतीसारखा उभा राहतो आणि लबाडी पचून जाते.

१८९० मध्ये ही सूचना आली तेव्हा तिची थट्टाच झाली. सभ्य खेळाडू मुद्दाम फाउल करतो असं गृहीत धरणं हाच सभ्य खेळाडूचा अपमान आहे, असं इंग्लंडातल्या जेंटलमन लोकांना वाटत असे आणि नियम झाल्यावरही बरीच वर्षं वाटत राहिलं. मला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. काउंटरवरचं पेन आम्ही दोरीनं बांधून ठेवतो म्हणून एका सभ्य गिऱ्हाइकानं माझ्याशी असंच भांडण केलं होतं. भांडण संपवून ते गेले तेव्हा दोरी होती.

पण १८९१ च्या फेब्रुवारीत नॉट्स काउंटी आणि स्टोक यांच्या कपच्या सामन्यात काउंटीच्या एका खेळाडूनं गोलात जाणारा बॉल हातानं बाहेर ढकलला. फ्री किक मिळाली, गोलकीपर बॉलपुढं ठाण मांडून उभा राहिला, गोल झाला नाही आणि स्टोक हरलं. २ जून १८९१ ला ग्लासगोच्या एका हॉटेलात पेनल्टीचा नियम मंजूर झाला. आता तरी स्टोकचं भलं व्हावं की नाही? त्याच वर्षी ॲस्टन व्हिलाविरुद्ध ते एका गोलानं मागं होते, शेवटच्या दोन मिनिटांत पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलकीपरनं बॉल उचलला आणि लाथ मारून मैदानाबाहेर उडवला. बॉल सापडेपर्यंत वेळ संपली. पेनल्टीसाठी वेळ वाढवून द्यावी हा नियम त्यानंतर आला. सर्क्युलर निघायचा अवकाश, त्यातली फट शोधणारा माणूस आधीच रांगेत उभा असतो. आणि ती फट बुजवणारं पुढचं सर्क्युलर निघतं. फुटबॉल आणि बँकिंग यांच्यात एवढं साम्य असेल अशी मला कल्पना नव्हती.

मॅक्रमला जुगाराचा नाद होता. गिरणी हातची गेली, बायको सोडून गेली, आणि १९३२ मध्ये तो एका बोर्डिंग हाउसमध्ये एकटाच वारला. पेनल्टी मात्र राहिली.

"पण ती सामना चालू असतानाची," तात्या म्हणाले. "शेवटी निकालासाठी मारायची कुणी काढली?"

ते व्हाउचरही निघालं. तात्या, त्याच्याआधी काय होतं ते ऐका. नाणं उडवत होते. १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कलोन यांच्यात तीन सामने होऊनही निकाल लागेना, तेव्हा रॉटरडॅमला पंचानं लाल-पांढरी चकती उडवली. ती चिखलात उभीच रुतली. पुन्हा उडवली आणि लिव्हरपूल जिंकलं. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत नेपल्सला इटली आणि रशिया बरोबरीत सुटले. नाणेफेक इटलीनं जिंकली आणि पुढं स्पर्धाही. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इस्रायल चिठ्ठ्या टाकून बल्गेरियाकडून हरलं. तिथल्या योसेफ दागान नावाच्या गृहस्थाला हे सहन झालं नाही. चिठ्ठीपेक्षा पाच-पाच पेनल्टी बऱ्या, अशी सूचना त्यांच्या संघटनेनं पाठवली आणि १९७० मध्ये ती मान्य झाली.

तात्यांनी विचार केला. चिखलात उभी राहिलेली चकती त्यांना पटलेली दिसली नाही. मग मी शेवटचं हत्यार काढलं. "तात्या, १९९४ ला बाजिओनं बॉल गोलावरनं मारला तेव्हा ब्राझील पेनल्टीवरच विश्वविजेतं झालं होतं. तुम्ही तेव्हा शाखेत पेढे वाटले होते म्हणे."

"तवा बरोबर होतं," तात्या म्हणाले आणि त्यांनी एक नंबरवर काट मारली.

ऑफसाइडचं थोडक्यात सांगतो, कारण ऑफसाइड थोडक्यात सांगता येतो असं मानणारा मी कोल्हापुरातला एकमेव माणूस असेन. १९२५ पर्यंत पुढं गेलेल्या खेळाडूसमोर विरुद्ध बाजूचे तीन गडी असावे लागत. न्यूकासलच्या मॅक्रॅकन नावाच्या बॅकनं त्याचा असा काही सापळा केला की सामने मैदानाच्या मधल्या पट्ट्यातच सडायला लागले. तिनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका मोसमात ११९२ गोलांचे १७०३ झाले. मग मधल्या हाफला मागं ओढून बचावात तिसरा माणूस उभा करायची पद्धत पडली. हप्ते कमी करून दिले तरी थकबाकीदार तो थकबाकीदारच, असं मी लोन सेक्शनला ऐकवलं. त्याला ते लागलं.

आमच्या धंद्याला अगदी जवळचा नियम १९८२ चा. स्पेनमध्ये गिहॉन गावी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना. गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्याच दिवशी होऊन गेलेला. त्यामुळं दोघांनाही गणित पाठ : जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकलं की दोघेही पुढं, आणि जर्मनीला पहिल्याच सामन्यात हरवणारं अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीनं गोल केला. उरलेली ऐंशी मिनिटं बावीस जण, जेवण झाल्यावर शतपावली घालावी तसे फिरत राहिले. प्रेक्षकांतल्या अल्जीरियन लोकांनी खिशातल्या नोटा काढून खेळाडूंना दाखवल्या. घ्या, म्हणजे. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करायचं ठरलं. आमच्याकडे दोन शाखांची कॅश एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायला माणसं पाठवतात ती याच कारणासाठी. हा नियम टिकला, कारण त्याला फट नाही.

आणि तात्या, सब-कमिटीनं सुधारणा केली की काय होतं त्याचाही नमुना आहे. १९९४ चा जानेवारी, कॅरिबियन कप, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. बरोबरीचे कंटाळवाणे सामने नकोत म्हणून आयोजकांनी ठरवलं होतं की जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना खलास आणि तो गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरायचा. बार्बाडोसला पुढं जायला दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं. २-० अशी आघाडी होती. सात मिनिटं राहिली असताना ग्रेनाडानं एक फेडला. २-१. आता एवढ्या वेळात आणखी एक गोल कुठून आणायचा? बार्बाडोसच्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी बॉल आपल्याच गोलात मारला. २-२! म्हणजे जादा वेळ, आणि तिथं एका गोलाचे दोन. ग्रेनाडाला हे उमगायला काही क्षण लागले. उमगलं तेव्हा तेही आपल्याच गोलाकडे धावले, कारण ३-२ नं हरले तरी त्यांचं भागत होतं आणि जिंकले तरी भागत होतं. मग शेवटची काही मिनिटं पृथ्वीवर असं दृश्य दिसलं की एक संघ दोन्हीकडच्या गोलांत बॉल मारायला बघतोय आणि दुसरा संघ दोन्हीकडचे गोल राखतोय. जादा वेळेत बार्बाडोसनं गोल केला. एकाचे दोन. ४-२. नियमानं सगळं चोख. ऑडिटला एक शेराही मारता आला नसता.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात उभे होते. सब-कमिटीचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही.

पण सगळ्यांत मोठी सुधारणा कुणी केली? एका प्रेक्षकानं. लिव्हरपूलचा इंजिनियर जॉन ब्रोडी १८८९ मध्ये एव्हर्टनचा सामना बघत होता. तेव्हा गोलाला दोन खांब आणि आडवी पट्टी एवढंच असे, मागं मोकळं. बॉल आतून गेला की बाहेरून यावर कुस्ती. एव्हर्टनचा एक गोल असाच नाकारला गेला. ब्रोडी घरी गेला आणि त्यानं गोलाला मागून खिसा शिवायची कल्पना काढली. जाळी! १८९२ च्या कपच्या अंतिम सामन्यात ती लागलेली होती. पुढं हाच माणूस नवी दिल्लीची आखणी करायला आलेल्या तिघांच्या समितीत ल्युटेन्ससाहेबांबरोबर होता आणि मर्सी नदीखालचा बोगदाही त्याचाच. पण त्याला अभिमान जाळीचा होता म्हणतात. बरोबरच आहे. नव्या दिल्लीत काय गेलं आणि काय बाहेर राहिलं याचा वाद अजून चालू आहे. जाळीत गेलेल्याचा नाही.

राहिला दप्तऱ्याचा मुद्दा. टीव्ही.

तो २०१८ मध्ये नियमातच आला. व्हीएआर म्हणतात त्याला. ज्याला आम्ही मेकर-चेकर म्हणतो तेच : एकानं एंट्री करायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची. मी जन्मभर हेच केलेलं, त्यामुळं मला हे पसंत पडायला हवं होतं. मूळ कल्पनाही चिडलेल्या माणसांचीच. दप्तऱ्यासारखे कोट्यवधी लोक पन्नास वर्षं ओरडत होते की पंचाला दिसत नाही. आणि आता स्वीडनमध्ये बघा. तिथल्या क्लबांत बहुमत सभासद-प्रेक्षकांचं असतं. त्यांनी क्लबांच्या सभांमध्ये ठराव केले की आम्हाला हा टीव्ही नको, आणि २०२४ मध्ये तिथल्या संघटनेला बेत सोडून द्यावा लागला. नॉर्वेत तो आला होता, तर २०२४ च्या जुलैत एका सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि माशाच्या वड्या फेकल्या. सामना अर्ध्यावर सोडावा लागला. (आमच्याकडे कोल्हापुरात असं होणार नाही. चिडलेला माणूसही भजी फेकत नाही.) तिथं टीव्ही राहिला, वड्या गेल्या.

न्याय नको म्हणणारी ही माणसं कसली, असं दप्तरी म्हणाला. मी काही बोललो नाही. त्याचं कारण १९९१ चं आहे.

मी सहावीत होतो. आण्णा मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले होते. पलीकडच्या पेठेशी अंतिम सामना. आण्णा शाळेत हेडक्लार्क. घरात मोजकं बोलत. गर्दी एवढी की मोठ्यांच्या कोपरांमधून मला बॉल दिसतच नव्हता, फक्त आमच्या बाजूचा लाइनमन तेवढा दिसत होता. शेवटची काही मिनिटं. एकाएकी आरडाओरडा झाला. मी बघतोय तो लाइनमनचा झेंडा कमरेपर्यंत वर आला, थांबला, आणि खाली गेला. मग स्टेडियम उसळलं. गोल! आण्णांनी मला उचललं आणि मिठी मारली. त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास होता. ते काहीतरी ओरडत होते, माझ्या कानातच, पण शब्द नव्हते ते.

त्याआधी त्यांनी मला मिठी मारल्याचं आठवत नाही. त्यानंतरही नाही. बीकॉम झालो तेव्हा पाठीवर थाप मारली. बँकेत लागलो तेव्हा म्हणाले, "पेन्शनचं काय हाय ते विचारून घे." त्या गोलाबद्दल मात्र मरेपर्यंत बोलायचे. ऑफसाइड होता म्हणणाऱ्या पलीकडच्या पेठेतल्या एका मित्राशी त्यांनी चोवीस वर्षं वाद घातला. दर वेळी माझ्याकडे वळायचे, "हा होता की माझ्याबरोबर. सांग रे." आणि मी सांगायचो, "गोलच होता."

झेंडा वर आलेला मी पाहिला होता. व्हीएआर असता तर आण्णांनी मला उचललं असतं, मग सगळे तीन मिनिटं गप्प उभे राहिले असते, मग रिव्हर्सल एंट्री. मला खाली ठेवलं असतं. मेकर-चेकरनं.

स्लिप माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली. तात्या पुढं रिटायर झाले. परवा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला काउंटरवर आले, अंगठा लावला आणि इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाले, "बीकॉम, त्या सुधारणांचं काय झालं?"

"तीन मुद्दे निकालात काढले, तात्या. टीव्हीचा पेंडिंग ठेवलाय."

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तसंबी तीन महिन्यांनी बाद झालंच असंल. चेकला ठेवतोय का आपण त्येच्यावर?"